मोजणीबाहेरचे पदार्थ

कोरियन घरात मांडलेल्या जेवणाला 'बापसांग' म्हणतात. 'बाप' म्हणजे शिजवलेला भात आणि 'सांग' म्हणजे तो ज्यावर मांडतात तो बुटका चौरंग. जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला भाताची वाटी, उजव्या हाताला 'गुक' म्हणजे पातळ सार, शेजारी लांब दांड्याचा धातूचा चमचा व काड्या, आणि पलीकडे सर्वांनी मिळून घ्यावयाची लहान लहान तोंडीलावणी अशी त्याची मांडणी असते. तोंडीलावण्यांना 'बानचान' असा शब्द आहे. जेवणाचा थाट या तोंडीलावण्यांच्या थाळ्यांवरून, म्हणजे 'छोप'वरून, सांगण्याची जुनी रीत आहे: तीन, पाच, सात किंवा नऊ छोपांचे जेवण, आणि परंपरेने सांगितले जाते त्याप्रमाणे राजापुढे बारा छोपांचे. या मोजणीत भात धरत नाहीत, सार धरत नाहीत, किमची धरत नाहीत आणि 'जांग', म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले खारट मुरवण, तेही धरत नाहीत. अर्ध्या तासात परतून किंवा कालवून होणारी भाजी मोजली जाते आणि जिच्यामागे काही आठवड्यांची, काही महिन्यांची, कधी वर्षांची राखण असते ती वस्तू घरात असणारच असे धरून चालतात. हा स्वयंपाक पुस्तकातून वाचणाऱ्याला ही केवळ एक जुनी प्रथा वाटते. तो घरी रांधू लागलेल्या माणसाला मात्र पहिल्या काही महिन्यांतच कळून चुकते की कष्ट जवळजवळ सगळे या न मोजलेल्या पदार्थांतच आहेत, आणि ते नसतील तर मोजलेल्या पदार्थांना चवच येत नाही.

किमची हे भाजी मिठात मुरवून आंबवण्याच्या पद्धतीचे नाव आहे. मुळ्याच्या चौकोनी फोडींची 'क्काकदुगी', हिवाळ्यात पाण्यासकट मुरवलेली मिरपुडीविना पांढरी 'दोंगचिमी', त्याच दिवशी कालवून त्याच दिवशी संपवण्याची 'गोतजोरी' असे तिचे कितीतरी प्रकार असले, तरी आज किमची म्हटले की 'बेचु' म्हणजे लांबट चिनी कोबीची लाल किमचीच डोळ्यांपुढे येते. तिच्या कृतीत मसाला हा लक्ष वेधणारा भाग असला तरी तिचे भवितव्य मिठाच्या टप्प्यावरच ठरते, आणि नवशिक्यांचे हात पोळतात तेही तिथेच. गड्डा बुडख्याकडून चार बोटे सुरीने चिरून पुढे दोन्ही हातांनी फाडला जातो, कारण सुरी टोकापर्यंत नेली तर आतल्या कोवळ्या पानांचा चुरा होतो. मग पाणी लावून घेतलेल्या अर्ध्या गड्ड्याचे एकेक पान उचलून त्याच्या बुडाशी, जाड पांढऱ्या देठावर, खडेमीठ भुरभुरतात. हिरव्या पातळ भागाला वेगळे मीठ लागत नाही, कारण देठातून सुटणारे खारे पाणी तिकडे आपोआप पोचते. आठ-दहा तासांच्या या मुरण्यात गड्डे दोन-तीनदा वरखाली करावे लागतात, आणि ते झाले की नाही हे घड्याळावर सोडून चालत नाही. एक जाड देठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वाकवले की दुसऱ्या तासाला ते कट्कन मोडते, पाचव्या तासाला मधोमध बारीक चीर जाऊन अडते, आणि मीठ पुरते भिनले की कमानीसारखे वळून पुन्हा सरळ होते. ही तिसरी अवस्था आली की गड्डे तीन पाण्यांतून धुऊन, बुडखा वर करून काही तास निथळत ठेवायचे. मीठ कमी पडले तर कोबी नंतर बरणीत पाणी सोडते आणि सगळा मसाला पातळ होऊन भाजी मऊ पडते. जास्त झाले तर आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि किमची नुसती खारट राहते. दुसऱ्या चुकीवर घरगुती उतारा आहे, तो म्हणजे थरांमध्ये मुळ्याच्या मोठ्या फोडी खुपसून ठेवण्याचा, म्हणजे मीठ त्या ओढून घेतात. पहिल्या चुकीवर उतारा नाही.

मिठाची जातही येथे महत्त्वाची मानली जाते. कोरियात यासाठी नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या सिनान परिसरातील मिठागरांचे, उन्हात पिकलेले जाड मीठ वापरतात आणि ते पोत्यांत भरून, त्यातला कडू ओलावा झिरपून जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षे ठेवतात. त्या झिरपलेल्या कडू पाण्याने सोयाबीनच्या दुधाचे 'दुबू' म्हणजे टोफू साकळवण्याची पूर्वापार चाल आहे. बारीक दळलेल्या मिठाने काम भागत नाही असे नाही, पण ते झटकन विरघळते, पानांवर कोठे किती पडले हे बोटांना कळत नाही, आणि मुरण्यापूर्वीच भाजी खारट होऊन बसते. महाराष्ट्रातल्या किराणा दुकानात मिळणारे मिठागराचे खडेमीठ या कामाला अगदी योग्य आहे.

मसाल्यात चिकट तांदळाच्या पिठाची पातळ पेज, 'गोचुगारू' म्हणजे उन्हात वाळवून बिया काढून जाडसर कुटलेली लाल मिरची, लसूण, आले, मुळ्याचा लांब कीस, पातीचा कांदा, मोहरीची पाने, आणि दोन प्रकारचे 'जोत' म्हणजे खारवलेले समुद्री जिन्नस, बहुतेक वेळा बारीक कोळंबी आणि लहान मासळीचे गाळलेले पाणी, असे साहित्य पडते. हा लगदा तयार होताच वापरत नाहीत. मिरची भिजून फुगते आणि रंग सोडते तोवर तो झाकून ठेवतात. मग गड्ड्याच्या आतल्या पानापासून बाहेरच्या पानाकडे येत प्रत्येक थराला तो हाताने माखला जातो, सर्वांत बाहेरचे पान शालीसारखे गुंडाळून जुडी बांधली जाते, आणि जुड्या एकमेकींना खेटून, मधली हवा दाबून काढत, वर थोडी जागा राखून भांड्यात रचल्या जातात.

मराठी स्वयंपाकघरातून आलेल्या हातांना येथे एक सवय सोडावी लागते. कैरीच्या लोणच्यात मीठ भरपूर असते आणि वर तेलाचा थर असतो, तो जिवाणूंना वाढू न देण्यासाठी. किमचीत मिठाचे शेवटचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि ते आंबवणाऱ्या जिवाणूंना वाव मिळावा म्हणूनच बेताचे ठेवलेले असते. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक वर्गातील जिवाणू वाढून लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्यामुळे जिभेला चुणचुणणारा ताजेपणा येतो; पुढे आम्ल वाढले की ते मागे पडून अधिक आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू ताबा घेतात व किमची आंबट होते. थंडीत हा प्रवास सावकाश होतो, म्हणूनच पूर्वी किमचीचे रांजण अंगणात मानेपर्यंत पुरून गोठणबिंदूच्या जरा वरचे तापमान हिवाळाभर टिकवले जाई, आणि १९९५ नंतर शहरांतल्या सदनिकांमध्ये हेच काम करणारे खास किमचीचे फ्रीज घरोघर आले. मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली किमची एका दिवसाच्या आत फेसाळते, झाकण उचलताच फुसकन वायू सुटतो, आणि तेव्हा ती थंडीत हलवायला उशीर झाला तर कुरकुरीतपणा हातचा जातो. मात्र आंबट झालेली किमची वाया गेली असे कोरियन घरात कोणी समजत नाही: तिचे डुकराच्या मांसाबरोबर किंवा टोफूबरोबर 'जिगे' म्हणजे दाटसर रस्सा होतो, पिठात कालवून धिरडी होतात, आणि वर्षभर मुरलेल्या 'मुगुन्जी'ला तर ताज्या किमचीहून वेगळा मान आहे.

ही लाल किमची अनादि काळापासून चालत आल्याचा समज पुष्कळांचा असतो. मिरची कोरियात पोचली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास. १६१४ सालच्या एका ग्रंथात तिचा उल्लेख येतो, आणि किमचीत मिरची घालण्याची व 'गोचुजांग' या मिरचीच्या मुरवणाची कृती १७६६ सालच्या शेती-संसारविषयक ग्रंथात सापडते. भरगच्च गड्ड्याची कोबी तर त्याहूनही अलीकडची आहे. तिचे स्थानिक हवामानात टिकणारे वाण सिद्ध करण्यात उ जांग-चुन (१८९८–१९५९) या वनस्पतिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. याच शास्त्रज्ञाने १९३५ साली असे दाखवून दिले की आपल्याकडे फोडणीत पडणारी मोहरी ही दोन वनस्पतींच्या संकरातून झालेली आहे, आणि त्या दोहोंपैकी एक ही चिनी कोबीचीच जात होय. किमचीच्या मसाल्यात मोहरीची पाने चिरताना ही सोयरीक ज्याला ठाऊक आहे त्याला तो तिखट, नाकात जाणारा वास ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही.

हिवाळ्यापुरती किमची एकदम घालण्याच्या सामुदायिक कामाला 'किमजांग' म्हणतात. ते नोव्हेंबरच्या अखेरीस, जमीन गोठण्यापूर्वी होते. युनेस्कोने २०१३ साली दक्षिण कोरियाच्या आणि २०१५ साली उत्तर कोरियाच्या किमची-परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. वाटून घेण्याचा आनंद या कामात खराच असतो: सगळ्या शेजारणी आणि नातलग जमतात, उकडलेले मांस ताज्या मसाल्याबरोबर खाल्ले जाते आणि प्रत्येकजण आपला वाटा डब्यात भरून नेतो. तरीही हे काम करणाऱ्यांची पाठ, गार पाण्यात तासन्तास बुडून बधिर झालेली बोटे आणि मिरचीने जळजळणारी मनगटे यांचे वर्णन वारशाच्या गौरवात फारसे येत नाही. हे कष्ट पिढ्यान्पिढ्या बायकांच्या, त्यातही सुनांच्या, वाट्याला आले. आज गोएसान किंवा हेनाम यांसारख्या कोबी पिकवणाऱ्या भागांतून आधीच मीठ लावून धुतलेली कोबी खोक्यांतून घरपोच येते, आणि अनेक कुटुंबे फक्त मसाला माखण्याचा दिवस एकत्र घालवतात. परंपरेचे हे पातळ होणे म्हणून याकडे बोट दाखवणारे असतात. ज्यांनी स्वतः वीस गड्डे रात्रीतून उठून उलथे केले आहेत ते तसे म्हणणार नाहीत.

जांगचे काम किमचीहूनही संथ आहे. सोयाबीन रात्रभर भिजवून, दोन बोटांत धरताच चेपेल इतके शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात. या विटांना 'मेजु' म्हणतात. त्या थोड्या वाळल्या की भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात, आणि पेंढ्यातून व हवेतून आलेले जिवाणू आणि बुरशी आठवड्यांच्या मुदतीत त्यांचा ताबा घेतात. पूर्वी हे टांगणे जमिनीखालून तापवलेल्या निजण्याच्या खोलीत चाले, त्यामुळे हिवाळाभर घरातील माणसे आणि मेजु एकाच उबेत झोपत असत. तो वास ज्याच्या लहानपणात होता त्याला तो घराचाच वास वाटतो, आणि ज्याच्या नव्हता त्याला तो सोसायला वेळ लागतो. चांद्र वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यात विटा धुऊन, वाळवून, मिठाच्या पाण्यासह रांजणात घालतात. पाण्यात मीठ पुरेसे झाले की नाही याची परीक्षा कच्च्या अंड्याने होते: अंडे तरंगून त्याचा मोठ्या नाण्याएवढा भाग पाण्यावर दिसला की मीठ जमले. वरून कोळशाचे तुकडे, वाळक्या लाल मिरच्या आणि सुकवलेली बोरे टाकतात. पूर्वी अनेक घरांत रांजणाच्या गळ्याला पेंढ्याचा दोर गुंडाळत, मूल जन्मले की घराच्या दारावर बांधत तसलाच, आणि अंगावर पायमोज्याच्या आकाराचा पांढरा कागद उलटा चिकटवत, म्हणजे अनिष्ट ते आत शिरू नये. चाळीस ते साठ दिवसांनी घट्ट भाग व पाणी वेगळे करतात. घट्ट भाग कुस्करून पुन्हा मुरायला ठेवला की 'द्वेनजांग' होते, आणि पाणी म्हणजे 'गानजांग', घरचा सोया सॉस, ज्याचा खारटपणा बाटलीतल्या सॉसपेक्षा तीव्र आणि रंग फिकट असतो.

त्यानंतर सुरू होते ती राखण. 'ओंग्गी' हे या रांजणांचे नाव. राख आणि मातीच्या लेपाने भाजलेल्या त्यांच्या अंगातून थोडी हवा खेळते पण पाणी झिरपत नाही, असा हा मातीचा जिन्नस आहे. ते घरामागे उन्हात, वाऱ्यावर, 'जांगदोक्दे' नावाच्या उंचवट्यावर ओळीने उभे असतात. ऊन असेल त्या सकाळी झाकणे उघडायची, आभाळ भरून आले की हातातले काम टाकून झाकायची, रांजणांची अंगे ओल्या फडक्याने पुसायची, हा नेम महिनोन्महिने चालतो. पावसाचा एक सपकारा उघड्या रांजणात गेला तर वर्षाचे जांग नासते. घर बुडायचे असेल तर आधी त्या घरच्या जांगची चव बदलते, असा अर्थ असलेली कोरियन म्हण आहे. ती शकुनाची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यामागे साधे निरीक्षण असावे. ज्या घरात आजारपण, भांडण किंवा दारिद्र्य शिरले तेथे झाकणांकडे पाहायला कोणाला उसंत राहणार? २०२४ च्या डिसेंबरात जांग करण्याच्या ज्ञानाचीही युनेस्कोने नोंद केली, आणि त्या नोंदीच्या केंद्रस्थानी खरे म्हणजे हे झाकणे उघडणे-मिटणेच असायला हवे.

ही दोन राखीव खाती घरात असली की पुढचा स्वयंपाक विस्मय वाटावा इतका सोपा होतो. द्वेनजांगचा रस्सा करायचा तर तांदळाचे दुसरे धुवण भांड्यात घ्यावे, त्यात डोकी व पोट काढलेली सुकी मासळी उकळावी, समुद्री शेवाळाचा पट्टा थोडा वेळच ठेवून काढावा कारण जास्त उकळल्यास तो बुळबुळीत होतो, मग एक-दोन चमचे द्वेनजांग, भोपळ्याचे काप, टोफू आणि मिरची. वीस मिनिटांत मातीच्या भांड्यात रटरटणारे कालवण चौरंगावर येते. तांदळाचे धुवण फेकू नये हे कोकणातल्या आणि कोरियातल्या आजीला एकमेकींकडून शिकावे लागले नाही. बाळंतिणीला आणि वाढदिवशी दिल्या जाणाऱ्या 'मियोकगुक' या शेवाळाच्या साराचेही तसेच: सुके शेवाळ भिजून अनेक पटींनी फुगते एवढे लक्षात ठेवले की पुढे गानजांग आणि लसूणच काम करतात. रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया घालून केलेल्या 'जापचे'त प्रत्येक भाजी वेगळी परतावी लागते, आणि त्यात वेळ जातो तो तेवढाच.

तोंडीलावण्यांतल्या 'नामुल'कडे, म्हणजे उकडून कालवलेल्या पालेभाज्यांकडे, मात्र घाईने पाहता येत नाही. पालक उकळत्या खारट पाण्यात अर्धा मिनिट बुडवून गार पाण्यात टाकतात आणि मग पिळतात. या पिळण्यात सगळे आहे. पाणी राहिले तर ताटलीत हिरवट डबके होऊन गानजांगची चव विरते, फार पिळले तर दोरे चावल्यासारखे लागते. मूठ उघडल्यावर पाल्याच्या गोळ्यावर बोटांचे वळ उमटलेले असावेत, पण दाबल्यावर अजून एखादा थेंब निघावा, हा अंदाज हातालाच येतो. त्यावर गानजांग, ठेचलेला लसूण, भाजलेले तीळ आणि सर्वांत शेवटी तिळाचे तेल, कारण तेल आधी पडले तर खारेपणा आत शिरत नाही. कालवण्याच्या क्रियेला कोरियन भाषेत 'जोमुल-जोमुल' असा हालचालीचे अनुकरण करणारा शब्द आहे. बोटांच्या टोकांनी हलकेच दाबत, सोडत, उलटत राहणे असा त्याचा भाव. चमच्याने कालवलेल्या आणि हाताने कालवलेल्या पालकात फरक पडतो, कारण हाताला ओलावा कळतो, एखादे देठ कच्चे राहिले ते कळते, आणि मसाला जेथे पोचला नाही ती घडी कळते. सोयाबीनच्या लांब मोडांच्या नामुलचा नियम वेगळा आहे: ते उकडताना झाकण पहिल्यापासून उघडे ठेवावे किंवा शेवटपर्यंत बंद, अध्येमध्ये उघडले तर कच्च्या दाण्याचा उग्र वास मागे राहतो.

या हाताच्या कसबाला कोरियन लोक 'सोनमात' म्हणतात. 'सोन' म्हणजे हात, 'मात' म्हणजे चव. मराठीत 'तिच्या हाताला चव आहे' असे म्हणतात तेव्हा अर्थ अगदी हाच असतो, आणि दोन्ही भाषांत ही स्तुती बहुधा आई, आजी किंवा सासूच्या वाट्याला येते. अशी व्यक्ती प्रमाण सांगत नाही. मीठ किती, असे विचारले तर 'बेताने' या अर्थाचा एकच शब्द मिळतो, आणि शिकणाऱ्याची चिडचिड होते. पण देठ वाकवून पाहणारी, अंड्याचे नाणे पाहणारी, पालकाच्या गोळ्यावरचे वळ पाहणारी व्यक्ती त्या 'बेताने'त एक काटेकोर माप वापरत असते, फक्त ते ग्रॅममध्ये नसते. देवाघरून मिळालेली देणगी म्हणून सोनमातची वाखाणणी केली की हे माप मिळवण्यात गेलेली वर्षे झाकली जातात. स्तुती करणाऱ्याच्या ते मनातही नसते, तरी परिणाम तोच होतो. पुणे-मुंबईच्या स्वयंपाकघरात गोचुगारूच्या जागी ब्याडगी मिरची जाडसर कुटून घालणाऱ्याला रंग मिळतो, थोडा गोडवाही मिळतो, पण किती घालावी हे दुसऱ्याच्या पुस्तकातून मिळत नाही. ते तिसऱ्या-चौथ्या बरणीनंतर बोटांना कळते.

ही मापे लिहून ठेवण्याचा एक फार जुना प्रयत्न उपलब्ध आहे. ग्योंगसांग प्रांतातील यांग्बान, म्हणजे विद्वान-जमीनदार, घराण्यात सून म्हणून आलेल्या जांग ग्ये-ह्यांग (१५९८–१६८०) यांनी १६७० च्या सुमारास 'उम्शिक दिमिबांग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. त्या काळी विद्वान पुरुष चिनी लिपीत लिहीत. हे पुस्तक मात्र सामान्यांच्या कोरियन लिपीत, हांगुलमध्ये आहे. त्यातल्या सुमारे दीडशे कृतींत मासे-मांस, शेवया, भाज्या टिकवण्याच्या युक्त्या आणि बरीच मद्ये आहेत, मिरची कोठेही नाही, आणि त्यातल्या जापचेत शेवया नाहीत. लिहिताना त्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी लेकींसाठी मजकूर लिहिला आहे, त्याचा आशय असा की डोळे अंधुक झालेले असताना हे जेमतेम लिहिले आहे, तो हेतू जाणून यात सांगितल्याप्रमाणे करा. लेकींनी नक्कल उतरून न्यावी, पण पुस्तक नेण्याचा विचार करू नये, ते नीट जपावे, लवकर फाटू देऊ नये. लेकींनी तसेच केले असावे, कारण मूळ प्रत त्या घराण्यातच पिढ्यान्पिढ्या राहिली, आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती लागली तेव्हा ती वाचण्याजोगी होती.